रेणू काटेखायेचं दुपारचं नाटक

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला मी नाटकाचा पेपर शिकवतो. पहिल्या तासाला माझा एकच प्रश्न असतो : शेवटचं नाटक कोणतं पाहिलं? पवनीच्या आमच्या कॉलेजात या प्रश्नाला उत्तरांची वाण नसते. दिवाळीनंतर धान कापायला आलं की इकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. पोरं धडाधड नावं सांगतात. गेल्या वर्षी मात्र तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पाहिले तर लय. पण मले सगळे एकच वाटतात."

वर्ग हसला. ती हसली नाही. तास संपल्यावर तिनं एक लांबट रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं. आठवीपासून पाहिलेल्या एक्केचाळीस नाटकांची त्यात नोंद होती. गाव, तारीख, विषय आणि शेवटी एक रकाना, 'बाई कितव्या अंकात रडते'. एक्केचाळीसपैकी चौतीस नाटकांत ती तिसऱ्या अंकात रडत होती.

"सर, यात दारू आहे, हुंडा आहे, भाऊबंदकी आहे. विषय वेगवेगळे आहेत. मग नाटकं सारखी काहून?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. विषय महत्त्वाचा नसतो, मांडणी महत्त्वाची असते, वगैरे. तिनं ते शांतपणे लिहून घेतलं, दोनदा वाचलं, आणि माझ्यासमोरच त्यावर रेघ मारली. "हे मले समजलं नाही," ती म्हणाली. "समजलं की परत लिहीन."

ही रेणू काटेखाये. आसगावची. घरी दोन एकर धानाची शेती. वडील तुलाराम उंचपुरे आणि आवाजाला खणखणीत, त्यामुळे गावच्या नाटकात गेली वीस वर्षं इन्स्पेक्टरचं काम त्यांच्याकडेच. आई आहे. आणि तुलारामांची थोरली बहीण कुंताबाई आहे, जी लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी माहेरी परत आली ती कायमची. रेणूला तिनंच वाढवलं. रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे धानाची रोपं, इकडचे पऱ्हे, चिखलात लावायची असतात तेव्हा, गावातल्या बाराएक बायांची टोळी कुंताबाईच्या मागे असते.

त्या सप्टेंबरात रेणूनं नाटक लिहायला घेतलं. मंडई समितीचे अध्यक्ष भुपेंद्रभाऊ बाहेरच्या नाटक कंपनीच्या शोधात होते, पण चांगल्या कंपन्यांच्या तारखा आधीच भरल्या होत्या. रेणू त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, गावातल्याच पोरापोरींचं नाटक करू, लिहिते मी.

"विषय काय?" त्यांनी विचारलं.

"नवऱ्यानं टाकलेली बाई."

"चालते. बाया रडतीन," भुपेंद्रभाऊ म्हणाले आणि रात्रीचा मुख्य मंच तिला देऊन टाकला.

तीन अंकी नाटक तिनं महिनाभरात संपवलं. मी वाचलं. भाषा जिवंत होती, माणसं ओळखीची होती. टाकलेल्या बायकोला न्यायला नवरा अकरा वर्षांनी पिवळी बॅग घेऊन येतो, ती त्याच्या पायावर पडून दोन पानं रडते, आणि मग इन्स्पेक्टर येऊन नवऱ्याला धरून नेतो. तिसरा अंक वाचून मी तिच्याकडे पाहिलं. "रेणू, तुझ्या रजिस्टरमध्ये आता पस्तीस होणार."

ती ओशाळली, पण म्हणाली, "समितीले हेच पाहिजे, सर. एकदा मंच मिळू द्या."

समाजमंदिरात तालमी सुरू झाल्या. रेणूच्या वर्गातली तेजस्विनी बायकोचं काम करत होती, गावातला अश्विन नवऱ्याचं. एका संध्याकाळी रेणूला जेवायला बोलवायला कुंताबाई आली आणि दाराशीच थबकली. आत तेजस्विनी अश्विनच्या पायाशी हुंदके देत होती. कुंताबाईनं सगळं पाहिलं, पदर सावरला आणि निघून गेली.

दोन दिवस ती रेणूशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी रेणूच तिच्याजवळ जाऊन बसली.

"आत्या, रागावली का?"

"रागावू कायले? पण ते बाई मी नोहोय."

"तुझं नाव कुठं टाकलं मी?"

"नाव नसन. बॅग त्याचीच हाय. अकरा सालं माहेच हायेत. रडणं तेवढं तुझं हाय." कुंताबाई तांदूळ पाखडत होती, तिनं सूप खाली ठेवलं. "मले इचारलं असतं तर सांगतलं असतं, पोरी. तू इचारलंच नाही."

त्या दिवशी रेणू कॉलेजात आली ती थेट माझ्या टेबलाशी. डोळे सुजलेले होते, आवाज मात्र पक्का होता. "सर, मी चोरी केली. आणि तेही चुकीची केली. घ्यायचं ते घेतलंच नाही." मी म्हणालो, दोन-चार प्रसंग बदल, गावाचं नाव बदल, कोणाला कळणार आहे? मंडईला पंधरा-सोळा दिवस राहिले होते, पत्रिका छापायला गेल्या होत्या. माझा सल्ला व्यवहाराचा होता. तिनं तो ऐकून घेतला आणि संध्याकाळी जाऊन नाटक परत घेतलं.

भुपेंद्रभाऊ भडकले. "पंधरा दिवसांत पालकाची भाजी निघत नाही धड, तू नाटक काढतं का?" त्यांनी चार फोन केले, कुठल्याशा कंपनीची रद्द झालेली तारीख मिळवली आणि रात्रीचा मंच त्या कंपनीला देऊन मोकळे झाले. रेणू उठली नाही. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "दुपारी तीन वाजता मंच खाली राहते. कर काय करतं ते." मंडईत दुपारी दंडारी, म्हणजे लोकनाचाची पथकं, नाचत असतात, ढोलकी कडाडत असते, अर्धी माणसं जिलेबीच्या दुकानापाशी असतात. त्या वेळेला नाटक कोणी ठेवत नाही. रेणूनं तीन वाजताची वेळ घेतली.

मग ती आत्याकडे गेली. कुंताबाई म्हणाली, बसून सांगायला मले सवड नाही, कापणीले चाल. रेणू विळा घेऊन आठ दिवस तिच्याबरोबर धान कापायला गेली. आत्या वाकून कापता कापता सांगायची, मध्येच थांबायची, मध्येच दुसऱ्याच बाईच्या बाळंतपणाकडे वळायची. रेणू रात्री नव्हे, तिथंच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसून, जेवणाच्या सुट्टीत लिहून घ्यायची.

"रोवण्याचे दिवस होते," कुंताबाईनं सांगितलं. "पऱ्हे उपटून, पेंढ्या बांधून बांधीत टाकून झाल्या होत्या. मी जेवाले घरी आली, तर तो ओसरीत. त्याले पाणी देल्लं. भात वाढला. जेवला. मंग म्हणे, चाल. मी म्हणलं, पऱ्हे पडून हायेत, ऊन लागन. आन् मी गेली वावरात."

"आणि तो?"

"बसला. चार वाजेपर्यंत बसला म्हणे. चारच्या गाडीनं गेला."

"तुले जावंसं वाटलं नाही?"

कुंताबाईनं कापलेली मूठ खाली ठेवली. "वाटलं ना. दोनदा धुऱ्यावर उभी राहिली. घराच्या छपराचं कवेलू दिसे तिथून. पण ज्यानं अकरा सालं पुसलं नाही, त्याच्या घरी माहं काय काम? हे त्याले सांगाचं होतं. सांगत बसली असती तर रोवणा राहला असता. बारा बाया वाकून होत्या मागं." थोडा वेळ ती कापत राहिली. मग म्हणाली, "आता लिही. पण ते इनिसपेक्टर काढ."

इन्स्पेक्टर निघाल्यावर तुलाराम दोन दिवस घुश्शात होते. वीस वर्षांत पहिल्यांदा मंडईला त्यांना काम नव्हतं.

नवं नाटक चाळीस मिनिटांचं झालं. रेणूनं मंच मधोमध वाटला. एका बाजूला ओसरी, तिथं नवरा बसलेला. दुसऱ्या बाजूला बांधी, म्हणजे धानाच्या शेताचा तुकडा, तिथं वाकून रोवणाऱ्या बाया. सुरुवातीच्या जेवणानंतर नवराबायको समोरासमोर येतच नाहीत. तो बोलतो, घरच्यांशी, स्वतःशी, येणाऱ्या-जाणाऱ्याशी. ती रोवत असते. बाया आपसात बोलतात ते लेकरांचं, चिखलाचं, कंबरेचं.

मी वाचून म्हणालो, "रेणू, दोघं समोर आल्याशिवाय संघर्ष कसा उभा राहील?"

"तो बसून आहे आणि ती काम करून राहिली. दुसरा कोणता पाहिजे, सर?"

"प्रेक्षकाला कळायला हवं ना, तिच्या मनात काय आहे."

"ती दोनदा धुऱ्यावर उभी राहते. ज्यानं रोवणा केला त्याले कळन." मग म्हणाली, "तुम्ही म्हणाले होते ना, मांडणी. ते आता समजलं. विषय मी भुपेंद्रभाऊले सांगितला तोच आहे, एका ओळीचा. पण आत्यानं त्या दिवशी जे केलं ते एका ओळीचं नाही. मले ते दाखवाचं आहे."

चौदा वर्षं मी नाटक शिकवत होतो. त्या दिवशी मी आणखी दोन आक्षेप घेतले, तिनं दोन्ही ऐकले आणि एक अक्षर बदललं नाही.

तेजस्विनी कुरकुरली. "मले तर संवादच नाहीत." रेणूनं तिला आणि बाकी पोरींना कुंताबाईसमोर उभं केलं. समाजमंदिराच्या फरशीवर कुंताबाईनं त्यांना रोवायला शिकवलं. "पुढं काय येतं वं? रोवणारी बाई मागं सरकते. पाय मागं. नजर हातावर. अन् कंबर दुखली म्हणून सगळ्याजणी एकदम उठू नोका, कोणी एक उठते, मंग दुसरी." चार दिवसांत पोरींच्या मांड्या भरून आल्या. तेजस्विनी पाचव्या दिवशी मला म्हणाली, "सर, रडण्याचं काम सोपं होतं."

मंडईच्या दिवशी मी पवनीहून गेलो. तीन वाजता मंचासमोर तीस-पस्तीस माणसं होती, त्यातली बरीच मांडवाची सावली आहे म्हणून बसलेली. पलीकडे दंडार रंगात आली होती. दहाव्या मिनिटाला माईक घरघरला आणि बंद पडला. अश्विन गडबडला. विंगेतून रेणूचा आवाज आला, "चालू ठेव. मोठ्यानं बोल." त्यानं आवाज चढवला. पण बांधीतल्या बायांचं बोलणं कोणालाच ऐकू जाईना.

मग एक गोष्ट घडली. बांगड्यांच्या दुकानाकडून जाणाऱ्या दोन बाया थांबल्या. त्यातली एक म्हणाली, "पाहा वं, बरोबर रोवून राहिल्या." त्या ऐकू यावं म्हणून मंचाजवळ आल्या. त्यांना पाहून आणखी आल्या. हळूहळू मंचाला लागून शे-दीडशे बाया उभ्या राहिल्या, कडेवर लेकरं, हातात फुग्याच्या काड्या. तेजस्विनी पहिल्यांदा धुऱ्यावर उभी राहून घराकडे पाहू लागली तेव्हा पुढच्या बाया गप्प झाल्या. दुसऱ्यांदा उभी राहिली तेव्हा एका म्हातारीनं ओसरीतल्या अश्विनला खडसावलं, "जाय ना बाप्पा आता! चारची गाडी निघून जाईन!"

हशा झाला. अश्विन खरोखरच चपापून उठला, बॅग उचलून गेला. बाया रोवत राहिल्या, मागं सरकत सरकत मंचावरून बाहेर पडल्या. नाटक संपलं हे लोकांना कळायलाच वेळ लागला. टाळ्या आल्या त्या तुटक तुटक.

सगळ्यांना आवडलं असं नाही. "ना गाणं ना मारामारी," काही पुरुष म्हणाले. भुपेंद्रभाऊंचं मत, नाटक बरं होतं पण पोरीनं शेवट केला नाही. कुंताबाई सगळा वेळ मांडवाच्या खांबाशी उभी होती. रेणू तिच्याजवळ जाऊन नुसती उभी राहिली. कुंताबाईनं तिच्या कपाळावरची केसाची बट मागे सारली. "पोरी थकल्या असतीन. त्यायले पाणी दे पहिले," ती म्हणाली. रेणू पाणी घेऊन गेली. मी कुंताबाईकडे वळून विचारलं, कसं वाटलं? "असंच झालं होतं," तिनं सांगितलं, आणि ती बांगड्या घ्यायला गेली.

डिसेंबरात रेणूनं तेच नाटक एकांकिका स्पर्धेत नेलं. अंतिम फेरीत ते आलं नाही. 'संवाद अपुरे, नायिका निष्क्रिय', असा परीक्षकांचा शेरा होता. परतीच्या गाडीत मी तिची समजूत घालायला लागलो, तर ती म्हणाली, "निष्क्रिय? दोन एकर रोवून टाकला तिनं, सर." आणि खिडकीकडे तोंड करून बसली. भंडारा सोडून कारध्याचा पूल ओलांडताना मात्र तिनं विचारलं की पुढल्या वर्षी प्रवेशिका कधी भरायच्या असतात.

फेब्रुवारीत सिहोऱ्याच्या बचत गटांच्या मेळाव्यात तिला बोलावणं आलं. तिथं प्रयोग झाल्यावर चाळिशीची एक बाई तिच्याजवळ आली. म्हणाली, माहीही एक गोष्ट आहे, लिहशीन का? रेणूनं तिला सांगितलं, "तू सांगशीन तेवढंच लिहीन. आणि मंचावर जायच्या आधी तुले वाचून दाखवीन. तू नाही म्हटलं तर ते पान निघन."

तेव्हापासून ती दर दुसऱ्या रविवारी सिहोऱ्याला जाते. आसगावहून भंडारा, भंडाऱ्याहून तुमसर, तिथून सिहोरा, असा तीन गाड्यांचा प्रवास. गेल्या खेपेला तिनं पहिला प्रवेश वाचून दाखवला. त्या बाईनं एक अख्खं पान काढायला लावलं. रेणूच्या मते ते नाटकातलं सगळ्यात चांगलं पान होतं, तासभर ती त्यासाठी भांडली, आणि शेवटी तिनं ते काढलं. आता तो प्रवेश तिसऱ्यांदा लिहिणं चालू आहे. मला वाचायला देत नाही, आधी त्या बाईला वाचून दाखवायचं म्हणते. मृगापर्यंत तिला मसुदा पुरा करायचा आहे, कारण एकदा रोवणा लागला की त्या बाईला दोन महिने बोलायला सवड होणार नाही.