सासऱ्यांचं सतरंजीवरचं गाणं

किती माणसं जमली की गाणं बिघडतं, हे छातीठोकपणे सांगू शकणारा कल्याण-डोंबिवलीतला एकमेव माणूस म्हणजे माझे सासरे. त्यांच्या मते शंभरावर एक श्रोता आत आला की गाणं मागच्या दाराने निघून जातं. ठाकुर्लीला त्यांच्या सोसायटीचा छोटा हॉल आहे. तिथे महिन्यातून एकदा सतरंज्या घालून, माइक न लावता गाण्याची बैठक होते, आणि सासऱ्यांना तिचा असा अभिमान, की जणू त्या सतरंज्या त्यांनी स्वतः विणल्या असाव्यात. "आमच्याकडे गवयाचा श्वाससुद्धा ऐकू येतो," ते म्हणत. एकदा गवयाने मध्येच प्यायलेलं पाणी कोमट होतं, हेही त्यांनी नुसत्या घोटावरून ओळखलं होतं, असं त्यांचं म्हणणं. समेवर पहिली दाद मात्र खरोखरच त्यांची असे. नवखे गायक त्यांच्याकडे बघूनच गात.

मी पडलो ठाण्याचा. लग्नानंतर मोठ्या हौसेने त्यांना आमच्या हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात घेऊन गेलो. ते हाताची घडी घालून बसून राहिले. बाहेर पडताना विचारलं, "कसं वाटलं?"

"वडा चांगला होता," ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून जरा मवाळ झाले. "जावईबापू, इथे लोक गाणं बघायला येतात. ऐकायला आमच्याकडे या."

गेलो, आणि त्या सतरंजीची मलाही चटक लागली. गेल्या वर्षी तिथेच एका बैठकीत त्यांची दाद सम निघून गेल्यावर आली. गाणारी मुलगी दचकली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि गाणं संपेपर्यंत तोंड उघडलं नाही. त्यानंतर मांडी घालून बसवत नाही, या सबबीवर त्यांनी जाणंच सोडलं.

"अरे, बाबांना ऐकू कमी येतंय," माझी बायको मुग्धा म्हणाली, "पण विषय काढला की टीव्हीचा आवाज वाढवतात."

मग एका रविवारी सकाळी मी ठाण्याच्या त्याच नाट्यगृहात गाण्याला गेलेलो. बघतो तर पहिल्या रांगेत, अगदी टोकाला, स्पीकरशेजारी सासरे. एकटेच आलेले. मध्यंतरात मी समोर जाऊन उभा राहिलो, तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही.

"तिकडचं गाणं आता माझ्यापर्यंत पोहोचत नाही," ते म्हणाले. "इथलं पोहोचतं. तानपुरासुद्धा." मग म्हणाले, "मुग्धाला मीच सांगेन."

मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसलो. उत्तरार्धात गायिकेने एक लांबलचक तान घेतली. सासऱ्यांचा हात वर गेला, आणि नेमकी समेवर त्यांनी अशी खणखणीत दाद दिली, की गायिकेने गाता गाताच त्यांच्याकडे बघून मान लववली. मागे सगळं नाट्यगृह भरलेलं होतं. हे माझे सासरे आहेत, असं वळून सगळ्यांना सांगावंसं वाटलं.

त्यांना घरी सोडायला गाडी काढली. "तुमचा हॉल तसा वाईट नाही," एवढंच ते बोलले. शिळफाट्याला गाडी अडकली आणि खिडकीबाहेर बघत ते नुकतीच ऐकलेली बंदिश गुणगुणू लागले. त्यांना स्वतःला ती कितपत ऐकू येत होती, कुणास ठाऊक. मी एसी बंद केला. पुढचा रस्ता मोकळा झाला, मागचे हॉर्न मारायला लागले, तरी मी गाडी सावकाशच चालवत राहिलो.