बापूंनी ठेवलेला कान

बापूंच्या हातात सदैव मेणाचा गोळा असे. ते बोलत आणि अंगठा मेणावर चालत राही. चहा संपेपर्यंत त्या गोळ्यात समोरच्याचं नाक उमटलेलं असे. "बापूक तोंड दाखव नको, चोरून नेतलो," असं आमच्या वाडीत म्हणत.

दोडामार्गाकडच्या आमच्या गावात ते गणपती घडवत. तरुणपणी घाट चढून कोल्हापूरला गेले आणि तिथल्या भट्टीवर ओतकाम शिकून आले. गणपती आटोपले की स्वतःसाठी ब्राँझ ओतत. "गणपतीचा तोंड ठरलेला. माणसाचा शोधूचा लागता," ते म्हणत.

ते तोंड त्यांना माझ्या आईत सापडलं. काजूच्या कारखान्यात बिया फोडण्यात तिचा जन्म गेला. चिकाने बोटं काळी पडलेली. बापूंपुढे ती बी फोडायला बसते तशीच बसे, पण आठवणीने मोत्यांच्या कुड्या घालून जाई.

मी तेव्हा नुकताच मुख्याध्यापक झालो होतो. मेणाची मूर्ती पुरी झाली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर मातीचा साचा चढणार, मग मेण वितळवून त्या पोकळीत ब्राँझ ओतणार, म्हणजे बोलायचं ते त्याच दुपारी. मी त्यांच्या शेडमध्ये गेलो. फतकल मारून, ओठ आवळून बसलेली ती हुबेहूब आई होती.

"बापू, ही मुंबईच्या प्रदर्शनात जाणार. उद्या माझ्या शाळेतले लोक बघतील. चेहरा बदला."

"दुसऱ्याचा तोंड खंयसून आणू?"

"मग चेहरा ठेवूच नका."

हातातला गोळा त्यांनी खाली ठेवला. सुरी स्टोव्हवर तापवली. आईचे डोळे, नाक, ओठ सपाट होत गेले आणि मी बघत उभा राहिलो. कानाशी सुरी थांबली. "कान रवांदे, मास्तर. तिका आयकाक तरी येवंदे."

मूर्ती भट्टीवरून थेट मुंबईला गेली. आईला ते म्हणाले, "वैनी, धातू तोंडाक पोचलोच नाय. माझी चूक."

त्या बिनचेहऱ्याच्या बाईला पहिलं बक्षीस मिळालं. चेहरा नाही म्हणून ती सगळ्यांचीच आई वाटते, असं जाणकारांनी लिहिलं. बापूंना लांबलांबून बोलावणी येऊ लागली.

अलीकडे सावंतवाडीत त्यांचा सत्कार झाला. मूर्ती व्यासपीठावर, आई माझ्या शेजारी. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, "चेहरा न देण्याचा निर्णय कसा घेतलात?"

बापूंचा अंगठा मेणावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"निर्णय खंयचो? धातू पोचलो नाय."

लोकांना तो विनय वाटला. टाळ्या पडल्या.

कार्यक्रमानंतर आई मूर्तीपाशी गेली. काळी बोटं सपाट चेहऱ्यावरून फिरत कानावर येऊन थांबली. बापू शेजारी मान खाली घालून उभे होते.

परतताना एसटीत ती खिडकीपाशी बसली. मग म्हणाली, "कुडीचो मोती न् मोती उठलो हा रे. थंयसर पोचलेलो धातू तोंडाक नाय पोचलो?"

मी तिकिटं घडी करून खिशात घातली.

"बापूंक सांग, आता खोटा बोला नकात. तेंच्या हाताक शोभणा नाय."

बापूंना काय सांगणार? म्हणून मीच लिहितो आहे: धातू पोचला असता.