फाट्यावर गाडीचा आवाज आला की

जुन्या धाटणीची मोटारसायकल घ्यायचं मनात आहे. म्हणून आज शाळा सुटल्यावर तशीच गाडी चालवणाऱ्या आमच्या शाळेतल्या सरांच्या आंजी गावातल्या घरी विचारायला गेले.

"मॅडम, जड हाय, पेट्रोलबी लय पिते. पण घ्याच!" सर म्हणाले.

त्यांची बायको हसली. "गाडी फाट्यावर आली का मले घरात आवाज समजते. मी लगेच तवा ठेवतो."

मीही हसले. घरी येऊन नेहमीसारखं कुलूप उघडलं.

गाडी मला पेलवेल. पण तिचा आवाज ऐकून इथे तवा ठेवणारं कोणी नाही.

एकट्या राहणाऱ्या गाडीवाल्यांनो, खरं सांगा. दारात पोचल्यावर गाडी लगेच बंद करता, की थोडा वेळ चालूच ठेवता?