बोटीने नको, किनाऱ्यावरूनच

बोट बरी की किनारा, यावर काकांचं आणि माझं तीन वर्षं भांडण चालू होतं. काका म्हणायचे, बोटीवर माणूस म्हणजे पार्सल. कुणीतरी चढवतं, कुणीतरी ठरलेल्या जागी टाकतं, कुणीतरी उचलून आणतं. खरं डाइव्हिंग किनाऱ्यावरचं. सिलिंडर पाठीवर घ्यायचा, शिशाची वजनं कमरेला बांधायची, निसरड्या दगडांवरून चालत पाण्यात शिरायचं आणि त्याच वाटेने बाहेर यायचं. मी म्हणायचे, काका, तुम्हाला त्रास विकत घ्यायची हौसच आहे. तुम्ही कुठेही वर आलात तरी बोट तुमच्याकडे येते. किनारा येत नाही, त्याच्याकडे आपल्यालाच जावं लागतं. यावर ते हसायचे आणि मला आळशी म्हणायचे.

काका काही माझे सख्खे काका नव्हेत. इंग्लंडात ते मेडनहेडला राहायचे, मी मिल्टन कीन्सला, आणि आमचा क्लब दोन्हीच्या मधल्या एका स्विमिंग पूलवर जमायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, मराठी का? मी म्हटलं हो, पुण्याची. पुढच्याच वाक्यात माझ्या तोंडून 'काका' निघून गेलं आणि ते कायमचं चिकटलं. क्लबमध्ये एकोणीस वर्षांची पोरंसुद्धा त्यांना नावाने हाक मारत. साठी उलटलेल्या माणसाला मी नावाने हाक मारणं या जन्मात शक्य नव्हतं. तेव्हा मी अहो-जाहो करायची आणि ते मला 'काय गं' म्हणायचे. परदेशात असं कुणी 'काय गं' म्हणालं की आपण किती पटकन लहान होतो, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

पूलवर सगळ्यात आधी एक नियम शिकवतात. कुणीही, कधीही, कोणत्याही कारणाने डाइव्ह रद्द करू शकतं आणि त्याला कारण विचारायचं नाही. नवशिका असो की मुरलेला. इथली माणसं हा नियम अगदी सहज पाळतात. 'नॉट टुडे' म्हणतात आणि गाडीत बसून सँडविच खातात. मला तीन वर्षांत एकदाही ते जमलं नाही. पाणी गढूळ असो, डोकं दुखत असो, काका 'चल' म्हणाले की मी चालले. माझी आई म्हणायची, भीड भिकेची बहीण. मला वाटायचं, आई हे भाजीवाल्याशी घासाघीस करण्याबद्दल बोलते.

त्या मे महिन्यात क्लब उत्तरेला, नॉर्थम्बरलँडच्या समुद्रावर गेला. तिथे पाण्याखाली एक खडकाळ कडा आहे. पाणी आठ अंश. एवढ्या थंडीत ड्रायसूट घालतात, म्हणजे आत लोकरीसारखा जाड कपडा आणि वरून पाणी आत न येणारा रबरी पोशाख. तरी चेहरा आणि ओठ बधिर होतातच. कड्याशी प्रवाह जोरात असतो, भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबतं तेवढा अर्धा तासच उतरायचं. बोटीने जाता येतं, नाहीतर किनाऱ्यावरच्या खडकांमधून एक चिंचोळी घळ समुद्रात उतरते, तिथून पोहत जायचं. तिथल्या डाइव्हिंगच्या पुस्तकात लिहिलंय की घळीतून आत शिरणं सोपं आहे, बाहेर येणं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन आला. काकू, म्हणजे काकांच्या पत्नी, दर वेळी मला फोन करायच्या, काकांच्या नकळत. या वेळीही तेच म्हणाल्या, यांच्या बीपीच्या गोळ्यांवर लक्ष ठेव, तुझं ऐकतात ते. काकांबरोबर त्यांनी माझ्यासाठी स्टीलचा डबा पाठवला होता, थालीपीठं आणि लसणाची चटणी. झाकणावर काकूंचं नाव कोरलेलं. पुण्यातल्या भांड्यांच्या दुकानात तीस वर्षांपूर्वी कोरून घेतलेलं असावं.

शनिवारी आम्ही बोटीने गेलो. दुसऱ्या डाइव्हनंतर काका पाण्यातून वर उचलणाऱ्या बोटीच्या लिफ्टवर उभे राहिले, लिफ्ट वर आली, आणि ते पुढे चालेचनात. दोघांनी धरून त्यांना बाकावर बसवलं, त्यांच्या पायातले फिन्स लहान मुलाचे बूट काढावेत तसे काढले. ते खोकत होते. मग कडेला वाकून ओकले. बोटीचा मालक उत्तरेकडचा म्हातारा, दिवसाला दहा वाक्यं बोलणारा. त्याने मला विचारलं, "इज ही ऑल राइट?" मी म्हणाले, सीसिक. त्याने काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ऑक्सिजनची पेटी त्याच्या पायाशी होती. मग तो सुकाणूकडे परत गेला.

मी त्याला सीसिक सांगितलं तेव्हा काकांच्या मुठीतला टिश्यू मी पाहिला होता. त्यावर फेस होता आणि तो फेस गुलाबी होता. कोर्समध्ये यावर एक स्लाइड असते. थंड पाण्यात काही जणांच्या, विशेषतः पन्नाशी उलटलेल्या, बीपी असलेल्या माणसांच्या, फुफ्फुसात शरीरातलंच पाणी झिरपतं. धाप लागते, खोकला येतो, गुलाबी फेस येतो. पाण्याबाहेर आलं की बरं वाटतं, म्हणून माणूस पुन्हा उतरतो. ती स्लाइड मला आठवत होती. मला काही माहीत नव्हतं असं मी कुठेही म्हणणार नाही.

दुपारी आम्ही धक्क्यावरच्या बाकावर चहा पीत बसलो. काकांना आता एकदम बरं वाटत होतं. ते म्हणाले, हिरडीतून रक्त आलंय, बाकी काही नाही. उद्या आपण दोघंच किनाऱ्यावरून जाऊ, बोटीवर उगाच तमाशा होतो. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुणाला बोलू नकोस हं. एकदा मेडिकल सर्टिफिकेट मागितलं ना, की हे लोक मला परत पाण्यात सोडणार नाहीत. रिटायर झाल्यापासून माझ्याकडे एवढंच आहे गं."

मी म्हणाले, "हो, काका."

मला त्यांचा राग येतो. दोन वर्षं झाली तरी येतो. साठी उलटलेला, शिकला-सवरलेला माणूस माझ्यासारखीला असल्या गुपितात बांधून टाकतो, याचा राग. पण त्याहून जास्त स्वतःचा येतो. किनारा त्यांना का हवा होता ते मला त्या बाकावरच कळलं होतं. बोटीवर आठ जणांनी त्यांना पाहिलं असतं. किनाऱ्यावर फक्त मी असणार होते, आणि मी मूग गिळून बसणार याची त्यांना खात्री होती.

रविवारी वारा पूर्वेचा झाला. बाकीचे बोटीने किनाऱ्याच्या उत्तरेच्या टोकामागे आडोशाला गेले. आम्ही गाडी लावून सामान पाठीवर घेतलं. गाडीपासून घळीपर्यंत उतार आहे, मग मोठे गोटे. काका दोनदा थांबले. दोन्ही वेळा म्हणाले, व्ह्यू बघतोय. खाली घळीत लाट आत शिरत होती, भिंतीला आपटत होती आणि परत जाताना गोटे खडखडत ओढून नेत होती.

मी म्हणाले, "काका, आज राहू दे का?"

हे वाक्य मी पुढे किती वेळा तपासलं असेल. त्यात नकार नव्हता. मी त्यांची परवानगी मागत होते. कुणीही, कधीही, कोणत्याही कारणाने, असा नियम पाठ असलेली मी, मोठ्या माणसाला विचारत होते की मी नाही म्हणू का.

"घाबरलीस का?" काका म्हणाले.

"नाही, काका."

आणि आम्ही उतरलो.

आत, खाली, सगळं शांत होतं. बारा मीटरवर शेवाळाची जाड पानं एका बाजूला झुकायची आणि मग दुसऱ्या. एका सीलने येऊन काकांचा फिन हुंगला. काकांनी वळून मला खूण केली, बघ. तो आनंद खरा होता, तो मी नाकारत नाही. त्यानंतर पाचेक मिनिटांनी त्यांनी अंगठा वर केला, म्हणजे वर चल. पाणी आमच्या डोक्यावर होतं तोवर मी त्यांचे श्वास मोजत होते आणि ते मोजता येत नव्हते इतके भरभर होते.

वर आल्यावर त्यांनी तोंडातला हवेचा रेग्युलेटर काढून टाकला. ओठ निळे, ओठांवर फेस. मी त्यांच्या तरंगायच्या जॅकेटमध्ये हवा भरली, वजनं सोडून दिली, शिट्टी वाजवली. ते काहीतरी बोलले त्यातला फक्त 'दम' एवढा शब्द मला कळला. उत्तरेच्या टोकापाशी आमचीच बोट दिसत होती, लाट वर आली की दिसायची, खाली गेली की नाहीशी व्हायची. मोकळ्या पाण्यात तिच्या दिशेने जायला हवं होतं. पण आम्ही घळीतून आलो होतो, म्हणून मी त्यांना घळीकडे ओढायला लागले. डोक्यात दुसरं काही आलंच नाही. ज्या वाटेने आलो त्या वाटेने परत, हे काकांनीच शिकवलं होतं.

वीस-पंचवीस मिनिटं मी ओढत होते. मधेच कधीतरी ते जड झाले, म्हणजे त्यांचे पाय मदत करेनासे झाले. वरच्या पायवाटेवर कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईने आम्हाला पाहून फोन केला. आमची बोट आली, पण घळीच्या तोंडाशी थांबली, त्या लाटेत तिला आत येता येईना. म्हातारा मालक मला ओरडून सांगत होता की बाहेर ये, मोकळ्या पाण्यात. शेवटी लाइफबोटीच्या माणसांनी दोर टाकून आम्हाला काढलं. काकांवर त्यांनी बराच वेळ प्रयत्न केले.

पोलिसांनी माझा जबाब बंदरावरच्या एका खोलीत घेतला. मी सगळं सांगितलं. टिश्यू, गुलाबी फेस, सीसिक, बाक, 'कुणाला बोलू नकोस', सगळं, इंग्रजीत, काहीही न लपवता. दोन तास लागले. जबाब घेणारी पोलीस माझ्याच वयाची होती, तिने मला तिचा कोट दिला.

तिसऱ्या दिवशी मी मेडनहेडला गेले. काकू सोफ्यावर बसल्या होत्या, शेजारच्या बायका स्वयंपाकघरात होत्या. काकूंनी मला जवळ बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, आदल्या दिवशी बरे होते ना गं ते? काही त्रास होत नव्हता ना?

मी म्हणाले, "नाही काकू, अगदी बरे होते. जेवलेसुद्धा."

पुढचे सात महिने मी दर शनिवारी त्यांच्याकडे जात होते. बँकेचे फॉर्म, पेन्शनचे फोन, टेस्कोतला किराणा. त्या मला जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. कुणी भेटायला आलं की सांगायच्या, शेवटपर्यंत ही होती त्यांच्याजवळ, पोटच्या मुलीने केलं नसतं एवढं केलं हिने. मी मान खाली घालून वरण-भात खायची. डबा माझ्याच घरी होता. आतली थालीपीठं तशीच परत आली होती, ती टाकून मी डबा घासून ठेवला होता. दर शनिवारी न्यायचा विसरायची. खरं म्हणजे विसरत नव्हते.

इथे असा मृत्यू झाला की कॉरोनर नावाच्या अधिकाऱ्यासमोर चौकशी होते. मृत्यू कसा झाला तेवढं ठरवतात, दोष कुणावर ठेवत नाहीत. मला वाटलं होतं काकू येणार नाहीत. त्या आल्या. पांढरी सुती साडी, वर मोठा कोट. माझ्या शेजारी बसल्या, आणि मला धीर वाटावा म्हणून माझा हात हातात घेतला. कॉरोनरबाईंनी माझा जबाब वाचायला घेतला. मला माझेच शब्द ऐकू येत होते, सावकाश, स्पष्ट. टिश्यूपर्यंत आल्यावर काकूंनी हात काढून घेतला नाही. तो फक्त सैल पडला. तज्ज्ञ डॉक्टर म्हणाले की काका शनिवारी दवाखान्यात गेले असते तर बहुधा वाचले असते.

बाहेर कॉरिडॉरमध्ये चहाच्या मशीनपाशी काकू थांबल्या.

"मी तुला विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो काकू."

"त्या परक्या पोलिसाला सांगितलंस सगळं."

मी म्हणाले की तुम्हाला त्रास झाला असता.

"तो माझा त्रास होता गं. तू कोण तो ठेवून घेणारी?" त्यांचा आवाज चढला नव्हता. कोटाची बटणं लावत त्या पुढे म्हणाल्या, "माझा डबा तुझ्याकडे आहे. पोस्टाने पाठव. घरी येऊ नकोस."

आपल्यात कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात. शनिवारी सकाळी मी डबा ओट्यावर ठेवला. साखर घालता येणार नव्हती. तांदूळ काढले, परत ठेवले. चिठ्ठी लिहिली आणि फाडली. शेवटी डबा तसाच कागदात गुंडाळून खोक्यात घातला आणि पोस्ट ऑफिसला गेले.

काउंटरवरच्या बाईने नेहमीप्रमाणे विचारलं, आत काय आहे. मी खरं ते सांगितलं. रिकामा डबा आहे, आत काही नाही.