मागच्या काचेवरची चार अक्षरं

फुटबॉल विश्वचषकाच्या आदल्या हिवाळ्यात दादा युरोपातून सुट्टीला आमच्याकडे कतारमध्ये, दुखानला आला. आल्या आल्या त्याने बाबांच्या गाडीच्या मागच्या काचेवर एक स्टिकर लावला. काळ्यावर पांढरी चार अक्षरं: ए, सी, ए, बी. आईला तो एखादा क्लब वाटला. मला अर्थ माहीत होता, पण मी गप्प राहिले. आमच्या घरात मला कोणी विचारल्याशिवाय बोलायची सवय नाही.

दोन दिवसांनी जेवताना बाबांनी विचारलं, “ते काय लिहिलंयस रे? टाउनशिपच्या गेटवरचा गार्ड आज वाकून वाचत होता.”

“फुटबॉलचं आहे, बाबा. तिकडे स्टेडियममध्ये सगळे घोषणा देतात.”

“म्हणजे काय पण?”

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे बघत इंग्रजीत सांगितलं. मराठीत बाबांसमोर तो शब्द माझ्या तोंडून निघालाच नसता. सगळे पोलीस, आणि मग शिवी. पोलिसांच्या काठ्या खाल्लेले प्रेक्षक हे भिंतींवर लिहितात, मोर्च्यांतही फलकांवर असतं, हेही सांगितलं.

“एका कुणाला नाही म्हणत ते,” दादा म्हणाला. “सिस्टिमला म्हणतात. तिकडे पोलीसही हसतात.”

“तू तिकडे परत जाशील,” बाबा म्हणाले. “आम्ही कुठे जायचं?”

आई आणि मी बाबांच्या व्हिसावर होतो. पोलिसांचा अपमान इथे गुन्हा. तुरुंग, नाहीतर थेट विमानात. त्यात विश्वचषकासाठी गेटवर नवे कॅमेरे बसलेले.

“गार्डने फोटो काढला का हो?” आईने विचारलं.

“मोबाईल होता हातात. मला वाटलं, घरी बोलतोय.”

जेवण तसंच टाकून आम्ही खाली गेलो. आईने खोबरेल तेल लावून उलथन्याने स्टिकर खरवडला. दादा टॉर्च धरून उभा होता.

वर आलो तर बाबांचा फोन वाजत होता. सिक्युरिटी ऑफिस. सकाळी गाडी घेऊन या, घरातल्या सगळ्यांची आयडी कार्डं आणा. आवाज अगदी गोड होता. “नो प्रॉब्लेम, इन्शाल्ला,” असंही पलीकडचा माणूस म्हणाला.

“मी एकटाच जातो,” बाबा दादाला म्हणाले. “स्टिकर मीच लावला, असं सांगेन. अर्थ माहीत नव्हता.”

मग आरशासमोर उभे राहून ते इंग्रजीत म्हणून बघू लागले, “सर, आय डिडन्ट नो.” खोटं बोलताना बाबांचे कान लाल होतात. दर वेळी ते लाल होत होते.