गंगाक्कांची उपाशी गोधडी

गंगाक्कांशी माझी ओळख झाली ती भांडणानं. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन होटगीहून सोलापुरात आले होते. सात रस्त्याजवळ माझ्या मिस्टरांचं शिलाईचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत आमचा संसार. दुकानात पडलेले कापडाचे तुकडे गोळा करून मी उशांत भरायची. एके दिवशी इरकल नेसलेल्या एक बाई आल्या आणि न विचारता पायरीवर बसून माझ्या ढिगातले तुकडे निवडायला लागल्या. मी म्हटलं, चिंध्या आमच्या आणि पसंती तुमची होय? मान वर न करता त्यांनी सांगितलं, की इतकं चांगलं कापड उशीत कोंबणारीला आधी कुणीतरी रागवायला पाहिजे. झालं, जुंपली. मिस्टर मशीन थांबवून हसत बसले. त्याच संध्याकाळी माझ्या मांडीवर गोधडीचा एक कोपरा होता आणि अक्का मला धावदोरा घालायला शिकवत होत्या. आमच्या गोधडी मंडळानं अक्कांच्या अमृतमहोत्सवाचा हा अंक काढायचं ठरवलं, तेव्हा लिहायचं काम माझ्याकडं आलं ते या जुन्या भांडणाच्या हक्कानं.

चादरींच्या गावात हाताच्या गोधडीला कोण विचारतंय, असं अक्कांना पुष्कळांनी ऐकवलं. त्यांनी ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. अक्का अक्कलकोटकडच्या, घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि गोधडीला त्या कौदी म्हणतात. त्यांच्या माहेरची एक रीत आपण सगळ्याजणी पाळतो. गोधडीचा शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा, त्यात चिमूटभर ज्वारी घालायची आणि मगच तो शिवून टाकायचा. याला त्या कौदीचं पोट भरणं म्हणतात. पोट न भरता गोधडी कुणाला दिलेली त्यांना चालत नाही. तशीच त्यांची दुसरी शिस्त सुयांची. लाल फडक्यात प्रत्येक सुईची जागा ठरलेली. काम संपलं की सगळ्या सुया तिथं परत गेल्याच पाहिजेत. नवीन आलेल्या मुली या शिस्तीला हसायच्या. त्या का हसत नाहीत आता, ते सांगते.

माझ्या मुलीला, नसरीनला, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मूल झालं. मुलगी झाली. नसरीनचं सासर कुर्डुवाडीला, जावई रेल्वेत. नातीला पाळण्यात घालायचा कार्यक्रम ठरला आणि तिच्यासाठी गोधडी शिवायचं अक्कांनी आपणहून अंगावर घेतलं. माझे मिस्टर तोवर गेले होते. त्यांच्या निळ्या रेघांच्या सदऱ्याचा तुकडा अक्कांनी मधोमध लावला आणि भोवती त्यांच्याच दुकानातली उरलेली कापडं, पिवळी, गुलाबी, फुलाफुलांची. नातीनं आजोबांना पाहिलं नाही, निदान त्यांच्या कापडावर निजेल, असं त्या म्हणाल्या. मला रडू आवरेना. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी जावई येऊन गोधडी घेऊन गेले. मी दुपारच्या गाडीनं निघणार होते.

मी पिशवी भरत होते तेवढ्यात अक्का दारात आल्या. हातात लाल फडकं. त्यांचा चेहरा बघून मी पिशवी खाली ठेवली.

"रजिया, एक सुई कमी हाय," त्या म्हणाल्या. "घरात समदीकडं बगितलं. ती कौदीतच ऱ्हायली."

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर बाळाला त्या गोधडीवर ठेवणार होते. मी नसरीनला फोन लावला, जावयांना लावला. पाहुण्यांनी भरलेलं घर, फोन कोण उचलतंय? नुसती रिंग वाजत राहिली. खरं सांगते, मला अक्कांचा भयंकर राग आला होता. पण त्या गप्प बसल्या असत्या तर मला काय कळणार होतं, हेही त्याच क्षणी डोक्यात आलं. मी पिशवी उचलली. अक्कांनी पदर खोचला आणि माझ्याबरोबर स्टेशनला निघाल्या.

गाडीत मी फोन लावत होते आणि अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. मोहोळ गेलं. माढ्याच्या अलीकडं गाडी सिग्नलला उभी राहिली ती हलेचना. ऊन आत येत होतं, समोरचा माणूस आरामात शेंगा सोलत होता, आणि मला त्याच्या आरामाचासुद्धा संताप येत होता. डोळ्यांपुढं एकच गोष्ट, ती एवढीशी पाठ. अक्कांनी माझा हात धरला तो कुर्डुवाडी येईपर्यंत सोडला नाही.

कुर्डुवाडीला रिक्षातून उतरून आम्ही अक्षरशः धावत घरात शिरलो. पाळण्यात गोधडी अंथरलेली होती. नसरीन बाळाला घेऊन वाकली होती. मी ओरडले, "थांब!" सगळं घर आमच्याकडं बघायला लागलं.

मी काहीतरी कारण सांगून वेळ मारून नेली असती. अक्कांनी मला पुढं होऊ दिलं नाही. भरल्या घरात, अनोळखी माणसांसमोर, त्यांनी स्पष्ट सांगितलं की या गोधडीत माझ्या हातून सुई राहिली आहे, चूक माझी आहे. कुजबुज सुरू झाली. नसरीनच्या सासूबाई चिडल्या, आणि का चिडू नयेत? त्यांनी गोधडी पाळण्यातून ओढून काढली आणि टाकून द्या म्हणाल्या, बाजारातलं ब्लँकेट आणलेलं आहे. नसरीन त्या निळ्या रेघांकडं बघत उभी राहिली. वडिलांचा सदरा तिनं ओळखला होता.

अक्कांनी हात जोडले आणि थोडा वेळ मागितला. सुई सापडली नाही तर मीच हिला जाळून टाकीन, म्हणाल्या. मग जमिनीवर बसून त्यांनी गोधडी पुढ्यात पसरली, बाही वर सारली आणि उघडा हात कोपरापर्यंत त्या कापडावर दाबून घासायला सुरुवात केली. तळहात नाही. तळहाताला वर्षानुवर्षांचे घट्टे, त्याला टोचलेलं कळत नाही. एक बाजू झाली. काही नाही. गोधडी उलटली, दुसरी बाजू. काही नाही. कुणीतरी म्हणालं, पुरे झालं आता. अक्का थांबल्या नाहीत. शेवटी त्या ज्वारी घातलेल्या कोपऱ्याशी आल्या आणि त्यांच्या हातावर बारीक लाल रेघ उमटली.

"गावली," एवढंच म्हणाल्या.

कोपरा उसवला. ज्वारी जमिनीवर सांडली आणि दाण्यांबरोबर सुई पडली, दोऱ्यासकट. सासूबाई खाली बसून एकेक दाणा वेचायला लागल्या. त्यांनी दाणे अक्कांच्या ओंजळीत ठेवले आणि म्हणाल्या, "शिवा. तुम्हीच शिवा."

अक्कांनी तीच सुई उचलली, तिच्यातला तोकडा दोरा काढला, नव्या दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि सुई माझ्यापुढं धरली. "ओवून दे बाई. मला दिसंना झालंय." तेव्हा विचारल्यावर मला उलगडा झाला. शेजारणीकडून सकाळीच सगळ्या सुया ओवून घ्यायच्या आणि हाताशी गोधडीतच टोचून ठेवायच्या, असं त्यांचं कधीपासून चाललं होतं. त्यातलीच एक आत राहिली. मोतीबिंदू वाढला होता आणि आमच्यापैकी एकीलाही त्यांनी कळू दिलं नव्हतं.

पुढं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आपल्याच गोधड्या बघून हा जांभळा हितं कुठल्या शहाणीनं लावला म्हणून विचारणाऱ्या अक्का आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. आणि आता मंडळातल्या मुली काम संपलं की आधी लाल फडकं बघतात, मग चपला शोधतात.

त्या दिवशी बाळ त्याच गोधडीवर निजलं. पण अक्कांनी तो कोपरा पक्का शिवला नाही, कच्चे टाके घातले. ज्वारीचे दाणे पदराला बांधून घेतले. सासूबाईंनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरगी वाढंल तशी कौदी वाढवू. पुरी झाली की मग पोट भरू." आता नात शाळेत जाते. दर वर्षी ती सोलापूरला येते, गोधडीवर आडवी होते, पाय बाहेर आले की अक्का कडेला नवी पट्टी जोडतात. यंदाची पट्टी माझ्या जुन्या हिरव्या ओढणीची आहे. नात उंच होणार असं दिसतंय, आजोबांवर गेली आहे.

अक्का, तुमचे डोळे स्वच्छ राहोत, बोटं चालती राहोत आणि जीभ आहे तशीच तिखट राहो. ते दाणे अजून तुमच्याकडं डब्यात आहेत, मला माहीत आहे. त्या गोधडीचा कोपरा अजून कच्चाच आहे. तिला उपाशी ठेवून तुम्हाला कुठंही जाता येणार नाही.