खट्टे सरांची सोयापेंड

सर कुठलीही गोष्ट आधी नाकाला लावायचे आणि मगच तिच्यावर विश्वास ठेवायचे. चहाचा कप, नवी वही, पावसात भिजून आलेलं पोतं, पोस्टातून आलेलं पाकीटसुद्धा. माझ्या लग्नाची पत्रिका दिली तर तीही हुंगली आणि म्हणाले, "शाई ओली असतानाच गठ्ठा बांधला यांनी. चलो, अभिनंदन." मला असा राग आला होता! घरी जाऊन पाहिलं तर खालच्या गठ्ठ्यातल्या निम्म्या पत्रिका एकमेकींना चिकटलेल्या. आईनं प्रेसवाल्याला सोडून मलाच बोल लावले.

भैयाजींच्या मत्स्यफार्मवर सगळे त्यांना खट्टे सर म्हणत. तोंडावर नव्हे अर्थात. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा माणूस रोज सकाळी राइट टाउनमधल्या घरून स्कूटर काढायचा, शहराबाहेर आमच्या फार्मवर यायचा आणि पत्र्याच्या शेडमध्ये सोयापेंड आंबवत बसायचा. सोयाबीनचं तेल काढल्यावर उरते ती पेंड. अंगाला, शर्टाला, स्कूटरच्या सीटलाही तोच आंबूस वास. सरांच्या बायको, म्हणजे काकू, त्यांना मागच्या दारानं घरात घेत, आणि तेही अंगावर बादलीभर पाणी ओतल्यावर. पिढ्यानपिढ्या मांसमच्छीला न शिवलेलं घर, आणि हे महाराज साठीनंतर मागुराच्या मागं लागलेले. मागूर म्हणजे मिशीवाला, चिखलात रमणारा मासा. आमच्या बाजारात त्याला फार मान.

"माशाला मासाच काहून खाऊ घालायचा, मला सांग," हे त्यांचं दिवसातून चारदा. पाळलेल्या मागुराच्या खाद्यात मासळीची भुकटी लागते. समुद्रातली बारीक मासळी वाळवून, दळून ट्रकनं इतक्या लांब येते, महागही पडते आणि तिच्यात काय काय मिसळलेलं असतं ते देवाला ठाऊक. सोयाबीन मात्र आमच्या दारातलं. पण नुसती पेंड घातली तर मागुराच्या आतड्याला सूज येते आणि अन्न अंगी लागत नाही. आंबवली की तिच्यातलं वाईट मोडतं आणि ती पचते. सरांचं सगळं शास्त्र एवढंच. त्यासाठी त्यांनी सोयाबीनवरूनच एक विरजण तयार केलं होतं. त्याला ते 'मूळ' म्हणत. त्याची बाटली शेडमधल्या फ्रिजमध्ये, वर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी.

भैयाजींनी तीन वर्षं धीर धरला. मग एक दिवस म्हणाले, "मास्टर साहब, ये आख़िरी मौक़ा है. इस बार मछली बढ़ी, तो मेरे सारे तालाब आपके. नहीं बढ़ी, तो शेड ख़ाली." सरांनी मान हलवली आणि त्या दिवशी चहा तसाच ठेवून दिला. त्यांच्याकडे तेवढंच होतं हो. तो शेड आणि ती बाटली.

मी त्यांची असिस्टंट. बीएस्सी करून आले होते, मोठ्या तोऱ्यात. पहिले चार महिने या माणसानं मला फक्त वास घ्यायला लावले. पहिल्या दिवशी ड्रमला भिजलेल्या पिठाचा वास हवा, दुसऱ्या दिवशी ताकाकडे जाणारा, तिसऱ्या दिवशी भाजल्या शेंगदाण्याचा. "आणि मुतारीसारखा आला की फेकायचं. विचार नाही करायचा. विचार केला की माणूस स्वतःला समजावते." मीटर होतं, पण ते कपाटात. "मीटर नंतर. आधी नाक." ग्वारीघाटावर माशांना घालायच्या कणकेच्या गोळ्या विकणाऱ्या बाईशी त्यांनी एकदा अर्धा तास हुज्जत घातली होती. "दीदी, ये परसों की हैं. नर्मदाजी की मछली का पेट नहीं है क्या?" बाईनं शेवटी टोपली आवरली. मी लाजेनं नावाड्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले होते.

दिवाळीनंतर सर पंधरा दिवस तापानं पडले. परत आले ते बारीक होऊन, पण आवाज तोच. दुसऱ्याच दिवशी टाकीमागच्या नाल्यात एक मागूर मरून सडला होता. मी तोंडाला ओढणी बांधून शेडमध्ये शिरले, तर सर त्या नाल्याशेजारी स्टुलावर बसून शांतपणे बिस्किट खात होते. मला वाटलं, माझी परीक्षा घेतायत. मग ड्रम उघडला. त्यांनी मूठभर पेंड नाकाशी नेली, नेहमीपेक्षा जास्त वेळ धरली आणि हात माझ्यापुढे केला. "तू सांग. शिकली की नाही पाहतो."

रोज तसंच सुरू झालं. आठवडाभरात मला कळलं. सरांना वास येत नव्हता. ते कुणाला सांगत नव्हते आणि मीही कळल्याचं दाखवत नव्हते. रोज सकाळी ते परीक्षा घेतल्याचं सोंग करायचे, मी परीक्षा दिल्याचं. "ठीक आहे सर." "ठीक आहे काय? नीट सांग." "शेंगदाणा आला, सर." मग त्यांचा चेहरा असा सुटायचा! मला ते दिवस अजून आवडतात, खोटं कशाला बोलू.

फेब्रुवारीअखेर शेवटचा प्रयोग लागला. दोन टाक्या, सारखेच मागूर. एकीत मासळीच्या भुकटीचं खाद्य, दुसरीत सरांचं. आठ दिवस झाले असतील नसतील, सर नातवाच्या मुंजीसाठी नागपूरला गेले आणि इकडे गारपीट झाली. पत्रे वाजले, झाडं पडली, फार्मवरची वीज दोन दिवस गेली. गारठ्यानं ड्रमातली पेंड तशीच निपचित. फोन केला. सर म्हणाले, "वर नाही आलं ना? फेकून दे. बाटलीतून नवं लाव. आणि बाई, माझ्या मागं काही नवीन करू नको."

बाटली उघडली तर भपकारा! दोन दिवस फ्रिज बंद, वितळलेल्या बर्फाचं पाणी बाटलीत शिरून मूळ खराब झालेलं. हे सरांना कसं सांगू? तीन वर्षांचं त्यांचं मूळ, आणि ते तिकडे मुंजीत. नवं मूळ करायला त्यांना आठवडा तरी लागणार. तोवर टाकीतल्या मागुरांना घालू काय? भुकटी घातली तर प्रयोगच मोडला. उपाशी मागूर एकमेकांना फाडतात. शेपटीला चावा बसलेला एक मासा मी त्या संध्याकाळी पाहिला आणि माझं डोकं चालेनासं झालं. माहेरी आई इडलीचं पीठ थंडीत फुगेना की काय करते? पळीभर दही घालते. मी घरून डबाभर दही आणलं आणि नव्या ड्रमात ओतलं, वर गोधडी गुंडाळली. तीन दिवसांपुरतंच, म्हटलं. सर आले की सांगू.

सर आले. ड्रम उघडला, मूठ माझ्यापुढे केली. वास वेगळा होता. आंबट, गोडसर, शेंगदाण्याचा मागमूस नाही. ते माझ्याकडे पाहत होते. किती आशेनं पाहत होते!

"ठीक आहे सर," मी म्हणाले.

झालं. एकदा म्हटलं की दुसऱ्या दिवशीही तेच म्हणावं लागतं. प्रत्येक नवा ड्रम आधीच्या ड्रममधून लागायचा, त्यामुळे माझं दही पुढं पुढं जात राहिलं. आणि मासे तर असे तुटून पडायचे त्या खाद्यावर! सहा आठवड्यांनी वजन केलं तर सरांची टाकी भुकटीवाल्या टाकीच्या बरोबरीला, थोडी पुढंच. सरांनी वजनकाट्याकडे दोनदा पाहिलं आणि चष्मा पुसायला शेडबाहेर गेले. मी आत उभी राहून स्वतःला शिव्या घालत होते. आज सांगू, उद्या सांगू. सांगायला गेले की ते काही तरी चांगलं बोलायचे, आणि मी पुन्हा गप्प.

भैयाजींनी शब्द पाळला. सोमवारपासून मोठ्या तलावात सरांचं खाद्य. शेजारच्या गावचे दोन मच्छीवालेही पाहायला येणार होते. मी शुक्रवार-शनिवार सुट्टीवर होते, नणंदेचा साखरपुडा. सोमवारी सकाळी फाटकातच तो वास आला. मुतारीचा. शेडमध्ये चार मोठे ड्रम. "तलावाचं काम आहे, म्हणून मुळापासून लावलं," सर खुशीत म्हणाले. "बाटलीतल्या मुळापासून. शुद्ध!" ती खराब बाटली मी फेकली नव्हती. फेकली असती तर 'कुठं गेली' विचारलं असतं त्यांनी, म्हणून ठेवली होती. अक्कल म्हणतात ती हीच माझी.

बाकीच्यांना काही कळत नव्हतं. त्यांना आमच्या शेडचा रोजचा वासही घाणच वाटायचा. भैयाजी नाकाला रुमाल लावून हसत होते. पाहुणे तलावाच्या काठावर उभे. मजुरानं पाटी भरायला घेतली. सरांनी पहिली मूठ उचलली, नाकाला लावली, डोळे मिटले आणि सगळ्यांसमोर हात माझ्याकडे केला. "हिला मी तयार केली आहे. सांग गं."

खरं बोलले तर सर उघडे पडणार. 'ठीक आहे' म्हटलं तर तलावभर मासे उलटे होणार, आणि तेही सरांच्याच नावावर. मजूर पाटी घेऊन दारात पोचला होता.

"सडलंय, सर," मी म्हणाले. "रोको भैया, मत डालो. चारही ड्रम फेका."

मग थांबताच येईना. गारपीट, बाटली, दही, सगळं एका दमात बाहेर पडलं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. भैयाजींना आधी समजलंच नाही. "तो इतने दिन मछली क्या खा रही थी?" "मेरे घर का दही," मी म्हणाले, आणि ते हसले हो! पोट धरून हसले, पाहुणेही हसले. सर हसले नाहीत. त्यांनी हातातली पेंड सावकाश ड्रमात परत टाकली, हात धुतले, पुसले. म्हणाले, "भैयाजी, मुझे दिवाली के बाद से कोई गंध नहीं आती. ग़लती इसकी नहीं, मेरी है." आणि स्कूटरकडे गेले. त्यांची पहिली किक बसली नाही. दुसरीही नाही.

आठ दिवसांनी मी राइट टाउनला त्यांच्या घरी गेले. काकूंनी पुढच्या दारानं आत घेतलं. सर खुर्चीत, अंगावर धुतलेला पांढरा शर्ट, कसलाच वास नसलेले. ते मला सहन झालं नाही.

"दही घातलं त्याचं मला काही नाही," ते म्हणाले. "घाबरली, घातलं. पण मी रोज विचारून राहिलो होतो तुला. रोज. आंधळ्यानं हात धरावा तसा तुझा हात धरला होता मी."

मी रडत होते, पण माझी जीभ कुठे राहते? "तुम्ही तरी कुठं सांगितलं होतं आंधळे झाले म्हणून? सांगितलं असतं तर मी कशाला लपवलं असतं?"

काकू स्वयंपाकघरातून दारात आल्या. सर म्हणाले, "खरं आहे. काकूलाही नव्हतं सांगितलं." काकूंनी पदर तोंडाला लावला. तेवढ्यावर आमचं बोलणं संपलं. मी पाया पडले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण पूर्वीसारखं 'चलो, कामाला लाग' म्हणाले नाहीत.

ते पुन्हा फार्मवर आले नाहीत. उन्हाळ्यात लेकीनं दोघांना नागपूरला नेलं. भैयाजींनी शेड ठेवला, माझ्या हाती दिला. दह्याचं खाद्य आता तलावात जातं, मासे खातात, वाढतात. भैयाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्यानं सांगतात की या मॅडमनं शोध लावला. मला तो शब्द ऐकवत नाही. पहिल्याच दिवशी मी तोंड उघडलं असतं तर सरांनी दोन शिव्या दिल्या असत्या, आणि तिसऱ्या वाक्याला दही हाती घेऊन स्वतः प्रयोग मांडला असता. हे सगळं त्यांचं झालं असतं. मी मासे वाचवले, आणि सरांचं काम मात्र माझ्या भित्रेपणानं त्यांच्या हातून काढून घेतलं.

पावसाळ्यात मी त्यांना पत्र लिहिलं. फोन करायची हिंमत नव्हती. माफी दोनच ओळींत मागितली, त्यांना लांबण आवडत नाही. बाकी चार पानं नुसती हकिगत. कोणत्या दिवशी किती पेंड, किती पाणी, किती तास, दही किती, वास कोणत्या दिवशी कसा होता. या वेळी एकही अक्षर खोटं नाही. उत्तर आलं नाही. आलं नाही ते बरोबरच आहे, म्हटलं.

दसऱ्याच्या सुमाराला त्यांच्या लेकीचा फोन आला. सर झोपेतच गेले होते, आदल्या आठवड्यात. "ताई, तुमचं पत्र बाबांच्या उशाशी होतं," ती म्हणाली. "त्यावर पेन्सिलीनं काही काही लिहिलंय, मला तर काही कळून नाही राहिलं. फोटो पाठवते."

फोटो आले. चारही पानांच्या कडेला सरांचं अक्षर, थरथरलेलं पण तेच. 'इथे पेंड कोमट होती का?' 'झाकण घट्ट की सैल?' 'मीठ?' माझ्या माफीच्या दोन ओळींपुढे काहीच नाही, त्या त्यांनी सोडून दिल्या होत्या. दह्याच्या ओळीखाली मात्र दोनदा रेघ, आणि पुढे प्रश्न: 'गाईचं की म्हशीचं? हिला विचारायचं आहे.'

म्हशीचं होतं, सर.